फक्त वाचायचं

वरणात तरंगणाऱ्या अळ्यांचा फोटो निशातनं अर्धाच उघडला आणि लगेच मिटला. टेबलापलीकडे कार्यालयाच्या प्रमुख नूतन मॅडम चहात बिस्कीट बुडवून खात होत्या.

"असे किती हायेत?" त्यांनी विचारलं.

"जेवणाच्या तक्रारी तीनशेच्या वर. अळ्यांच्या सदतीस."

गडचिरोलीतल्या त्या आदिवासी विकास कार्यालयानं आश्रमशाळांच्या भिंतींवर एक फोन नंबर रंगवला होता. खाली लिहिलं होतं, नाव गुप्त राहील. आईबाप फोन करत, फोटो पाठवत, आणि ते सगळं डेटाबेसमध्ये साठत जाई. ते बघायला कोणाला वेळ नव्हता. आता त्यावर एआय सहायक बसवायचा होता. आपण साध्या मराठीत विचारायचं, त्यानं नोंदी धुंडाळून उत्तर द्यायचं. चंद्रपूरच्या एका छोट्या कंपनीनं हे काम निशातवर सोपवलं होतं.

"त्याले नोंदी दुरुस्तबी करता आल्या पाह्यजे," मॅडम म्हणाल्या. "एकच तक्रार चारदा येते. जास्तीच्या काढून टाकाव्या लागतात."

"नाई मॅडम. तो फक्त वाचते. लिहायचा, पुसायचा अधिकार त्याले देता येत नाई. काही उलटं समजला तं सगळ्या नोंदी जातीन."

"आमी सांगू तेवढंच करन ना तो."

शाळांना तांदूळ-डाळ पुरवायचा ठेका मॅडमच्या दिराकडे होता. हे निशातला शिपायानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

त्या आठवड्यात मॅडमनी आणखी दोनदा विषय काढला. दुसऱ्या वेळी घरी बोलावून. समोर पोहे ठेवले आणि पुढच्या वर्षीचं कामही तुलाच देऊ म्हणाल्या. निशात पोह्यांतली मोहरी चमच्यानं बाजूला सारत राहिली. समोरची बाई मात्र चमचा चाटत शांतपणे बोलत होती. निशातनं बशी तशीच ठेवली.

"त्या बाईले पुरावा पुसायचा हाये," तिनं घरी आल्यावर अब्बांना सांगितलं. इब्राहीमभाई चाळीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्त करत आलेले. हातातला पेचकस त्यांनी खाली ठेवला नाही.

"मंग?"

"मंग काय. मी पुसू देत नाई."

तिनं सहायकासाठी वेगळं खातं उघडलं. वाचायचा अधिकार, बाकी काही नाही. एका वेळी किती नोंदी बघायच्या, तीही मर्यादा घातली. सावधगिरी म्हणून नाव-गावासारखे काही रकाने झाकून टाकले.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी सगळ्या बाबूंसमोर मॅडम स्वतः संगणकापुढे बसल्या. त्यांनी लिहिलं, 'अळ्यांच्या तक्रारी काढून टाक.'

'मला नोंदी फक्त वाचता येतात,' उत्तर आलं.

त्यांनी शब्द फिरवून पुन्हा विचारलं. तेच उत्तर. मागे कोणीतरी खाकरलं. मॅडम खुर्चीत मागे टेकल्या.

"ठीक हाये, निशात. तुयंच खरं. पण वाचू तं सगळं दे. अर्धे रकाने झाकून ठेवशीन तं तो उत्तर काय देईन?"

निशातला त्यांची जवळजवळ दया आली. बाई हरली होती. वाचल्यानं कुठली नोंद बिघडणार होती? संध्याकाळी तिनं सगळे रकाने उघडे केले आणि मॅडमनी कागदांवर सही केली.

महिन्याभरानं तिनं तपासलं. सदतीसच्या सदतीस तक्रारी जागच्या जागी होत्या. एटापल्लीकडच्या ज्या शाळेतून सगळ्यात जास्त यायच्या, तिथून तर महिन्यात एकही नवी नव्हती. तिथल्या शिक्षकांना सहायक शिकवायला जायचं होतं. ती हसऱ्या चेहऱ्यानं बसमध्ये चढली.

शाळेच्या आवारात शिरताच आंबूस, कुजका वास आला. स्वयंपाकघराच्या दाराशी डाळीचं पोतं उघडं होतं आणि वरची डाळ वळवळत होती. एक पोरगी त्यात हात घालून डाळ घमेल्यात काढत होती. निशात तोंडावर ओढणी धरून फाटकाकडे पळाली आणि तिथं उभ्या उभ्या ओकली.

फाटकाशी एक बाई पत्र्याच्या पेटीवर बसली होती. तिनं उठून आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. नीलाबाई नाव, जंगलातल्या गावची. शेजारी तिची पोरगी मंगली, सातवीतली.

"सुट्टी हाये का?" निशातनं चूळ भरून विचारलं.

"नाई. नाव काढलं शाळेतून. दाखला द्याले बोलावलं आज."

"काऊन?"

मंगली पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली.

"तुमी घाबरू नोका," निशात म्हणाली. "त्या भिंतीवरच्या नंबरवर सांगा. तिथली तक्रार कोणालेच पुसता येत नाई. मी सोता पाह्यलं हाये ते."

"केली होती ना बाई, अळ्यांची," नीलाबाई म्हणाली. "अकरा घरांतून केली होती. मंग गडचिरोलीच्या मॅडम आल्या, पोरी ओळीनं उभ्या केल्या, अन् मोबाईलमधून अकराच्या अकरा नावं वाचून दाखवली. एकबी चुकलं नाई."