भातावरचं केळं

“भातात केळं कुस्करून मागतात! डोकं फिरलंय त्यांचं,” दादा बाबांच्या देखतच म्हणाला. त्यांना सोमवारी वृद्धाश्रमात ठेवायचं त्यानं ठरवूनही टाकलं होतं.

मी हट्टाला पेटले. आमच्या जन्माआधी बाबा सोमालियात साखर कारखान्यात फिटर होते, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. म्हणून पुण्याच्या कोंढव्यात दिसेल त्या आफ्रिकन विद्यार्थ्याला मी विचारत सुटले, तुमच्यात भाताबरोबर केळं खातात का? शेवटी एक सोमाली मुलगी हसली आणि तिनं पंक्चरच्या दुकानामागचा जिना दाखवला. वरच्या खानावळीला पाटीसुद्धा नव्हती.

बाबांना घेऊन वर गेले. परातभर भात आला, त्यावर मटण, आणि बाजूला न सोललेली केळी. माझे डोळे भरून आले. बाबांचं लक्षच नव्हतं. त्यांनी केळं सोललं, भातात कुस्करलं आणि मोठा घास घेतला. मालकीणबाईंनी कौतुकानं सोमाली भाषेत काही विचारलं. बाबांनी त्याच भाषेत, न अडखळता उत्तर दिलं. मग दुसरं केळं माझ्यासाठी सोललं आणि परात माझ्याकडे सरकवली.

“ह्यातच जेव. इथं एकट्यानं जेवत नाहीत.”

मी तिथूनच दादाला फोन लावला. “सोमवारचं रद्द कर. आणि आत्ता कोंढव्याला ये, उपाशीपोटी.”

“कशाला?”

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी जेवण थांबवलं होतं. परातीची एक बाजू मोकळी ठेवून ते तिसरं केळं सोलत होते.