कुलूप लावलेला डबा

"वाच की रे अच्युता! लेखक झालास, म्हणून मावशीसाठी घसा झिजवायचा नाही का?"

मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यावर पट्टी होती आणि दुसऱ्या डोळ्याला अक्षरे दिसत नव्हती, म्हणून मावशीने दिवाळी अंक त्याच्याच हाती दिला. त्यात त्याची पहिली छापील कथा होती. पोरक्या भाच्याला उपाशी ठेवून लाडवांच्या डब्याला कुलूप लावणाऱ्या मावशीची. संपादकांनी कथेला 'जळजळीत वास्तव' म्हटले होते आणि लेखकाने ते विशेषण नम्रपणे स्वीकारलेही होते.

छापील ओळींवर नजर ठेवून त्याने तोंडाने दुसरीच कथा रचली. तिच्यातली मावशी स्वतःच्या ताटातली पोळी भाच्याला वाढत होती आणि तिच्या घरात एकाही डब्याला कुलूप नव्हते. प्रसंग विलक्षण साधत होते. लेखणी हाती घेऊन त्याला इतके चांगले कधी सुचले नव्हते. भीतीचा वाङ्मयाला असाही उपयोग असतो.

मावशी हसली. "कुलूप नव्हतं कसं? डबा एका बैठकीत फस्त करायचास आणि मग पोट धरून रडायचास, म्हणून लावायची मी. खरं तेच लिहावं, बाबा. मला कसला राग यायचाय?"

त्याने मान खाली घालून अंक मिटला. तो पिशवीत टाकणार, तोच मावशीने चाचपत त्याच्या हातून काढून घेतला आणि उशाशी ठेवला.

"राहू दे इथंच. उद्या पट्टी निघते. नव्या डोळ्यानं पहिलं तुझंच वाचणार."