दंडाचं डुक्कर

आमच्या तिमोरच्या डोंगरात चटईवर बसलं की भांडण मिटलंच पाहिजे. आबिलियोनं बायकोचा, दोमिंगासचा, हात मोडला तेव्हाही पंच चटईवर बसले, न्याय झाला: आबिलियोनं सासऱ्याला एक डुक्कर द्यावं. डुक्करही तिनंच पिलापासून पोसलेलं. ते कापलं, ताडी फिरली, सासरा-जावई खांद्यावर हात टाकून हसू लागले. दोमिंगासची लहानगी लेक आईमागून सगळं बघत होती. "दोमिंगास, चूल पेटव पोरी," पंचांतले मोठे काका म्हणाले. "काका, तिचा हात गळ्यात बांधलाय," बायकांत बसलेली मी म्हणाले. "दुसरा आहे ना? मिटलेलं उकरू नकोस." "कुणाचं मिटलं? मार तिनं खाल्ला, डुक्कर तुम्ही खाणार." दोमिंगास उठली. काड्यापेटी तिनं खाली ठेवली आणि चटईची कड धरली. "उठा काका. ही मीच विणलीय." एका हातानं चटई गुंडाळता येत नाही. दुसरं टोक आम्ही बायकांनी धरलं.