पोकळ फळी

पुलगावजवळच्या प्लायवूडच्या कारखान्यात गोमाजी प्रत्येक फळीवर लाकडी हातोडी मारून आतला थर सुटला आहे का, ते सांगत. "म्हाताऱ्याच्या कानांवर कारखाना किती दिवस चालवायचा?" म्हणत मॅनेजरने यंत्र मागवलं. ते अचूक ठरलं, की गोमाजींची कामावरून सुट्टी.

यंत्र घेऊन आलेल्या दिगंबरने चाळीस फळ्या तपासल्या. यंत्राने खराब ठरवलेल्या तिन्ही फळ्या गोमाजींनी आधीच ओळखल्या होत्या. कौतुकाने दिगंबरने त्यांना पाठीमागून हाक मारली. मग ओरडून हाक मारली. त्यांनी मान वळवली नाही.

"किती हाका मारल्या!" म्हणत तो समोर आला, तसा त्यांचा चेहरा उतरला. "मॅनेजरले सांगू नोका, साहेब. तीन साल झाले, मले काईच ऐकू येत नाई."

"मग पोकळ फळी कळते कशी?"

त्याच्या ओठांवरून प्रश्न ओळखून गोमाजींनी त्याचा तळवा फळीवर ठेवला आणि हातोडी मारली. "हाताले कयते."

संध्याकाळी मॅनेजरने विचारलं, "तुमचं यंत्र नेमकं करतं तरी काय?"

"कानाला ऐकू न येणारा आवाज फळीत कसा घुमतो, ते ओळखतं," दिगंबर म्हणाला. "पण ते चुकत नाही ना, हे रोज पडताळायला त्यातला जाणकार लागेल. तुमच्याकडे एकच आहे."