फळीवरचा कप

"ताई, दुपारी सांगते," म्हणून कल्याणीने फोन ठेवला, तोवर सासूबाई, कांताबाई, फाटकातून आत आल्याही होत्या.

थोरल्या बहिणीचं, राजश्रीताईचं, म्हणणं सरळ होतं. साथीतला नवा नियम असा, की वर्षाच्या आतलं मूल असलेल्या घराने घरात येणं-जाणं ठेवायचं, म्हणजे बबल करायचा, तो आणखी एकाच घराशी. एकाच. ताई आणि तिचा नवरा मार्चपासून घरूनच काम करत होते, दूधसुद्धा दारात मागवत होते. "यात विचार कसला करतेस? तुझ्या सासूबाई हॉस्पिटलात वॉर्डावॉर्डातून जेवणाच्या ट्रॉल्या फिरवतात. माणूस चांगलंच आहे गं. पण ईशिता आठ महिन्यांची आहे."

विक्रांतने लॅपटॉपवरून मान उचलली नव्हती. "युअर कॉल, कल्याणी. माझी आई आहे, मी कसा सांगू?" आणि हेडफोन पुन्हा कानाला लावले होते.

कांताबाईंनी पिशवी पायरीवर ठेवली आणि कुणी न सांगता मागे सरकून कचऱ्याच्या डब्यांपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मग कल्याणीने दार उघडलं.

"नाचणीचं सत्त्व आहे, आणि मेथी. मी पुसूनच आणलंय. तरी तू पूस तुझ्या वाइप्सनी."

"पुसते, आई."

"आणि नातीला दाखव. काचेतून काही लागत नाही म्हणतात."

कल्याणीने ईशिताला खिडकीशी धरलं. कांताबाईंनी मास्क क्षणभर खाली ओढून जीभ दाखवली. ईशिता टक लावून बघत राहिली. ऑगस्टमध्ये बागेत एकदा आजीने तिला मांडीवर घेतलं होतं, तेवढंच.

"नाक आमचंच गं," कांताबाई बाहेरून मोठ्याने म्हणाल्या. "बिचारी."

"चहा घेता ना?"

"तुझ्या चहाला कधी नाही म्हटलंय मी?"

पोर्चमध्ये बुटांच्या वर एक फळी होती. निळा कप तिथे असायचा. आधी तो स्वयंपाकघरातल्या कपाटात, बाकीच्यांबरोबर होता. सप्टेंबरात कधीतरी कल्याणीने तो बाहेर ठेवला. घाई असायची, बाळ रडत असायचं, कोणता कप कुणी वापरला ते लक्षात राहायचं नाही. त्यापेक्षा हे सोपं होतं. तिने वरून, कपाला किटली न लावता चहा ओतला, कप पायरीवर ठेवला आणि दार लोटून घेतलं. कांताबाई पुढे आल्या, कप उचलून पुन्हा डब्यांपाशी गेल्या. डिसेंबरचं ऊन होतं, म्हणजे नुसता उजेड.

"ठरलं का तुमच्या बबलचं?" घोट घेत त्यांनी विचारलं.

कल्याणी काचेआड टेबलावरच्या फोनकडे बघू लागली.

"ताईला घ्या. तिचं घर बरं. मी दिवसभर कुठं कुठं हात लावते, माझं मलाच माहीत नसतं." त्यांनी उरलेला चहा एका दमात संपवला. "मला वाईट नाही वाटणार. आणि वाटलंच, तर ते माझं मी बघेन."

डब्यांच्या मागे बागेचा नळ होता. कांताबाई वाकल्या, कप विसळला, झटकला. पोर्चपर्यंत येऊन तो फळीवर उपडा ठेवला. कडेला, बरोबर तिथेच, जिथे कपाचा गोल वळ उठलेला होता.

"सो स्वीट ना?" मागून विक्रांत म्हणाला. त्याची मीटिंग संपली होती. "आई दर वेळी कप धुऊन ठेवते. आय डोन्ट इव्हन डू दॅट."

कल्याणी फळीकडे बघत होती. उमरेडला, सातवीत असताना, चौदा एप्रिलला तिने बुद्धविहारात भाषण केलं होतं. पाठ होतं अजून. 'गावातल्या हॉटेलाबाहेर एक फळी असे. त्या फळीवर आपल्या माणसांचे कप वेगळे ठेवलेले असत. वरून ओतलेला चहा बाहेर उभं राहून प्यायचा, आपला कप आपणच विसळायचा आणि पुन्हा फळीवर उपडा ठेवायचा.' इथवर आल्यावर हात उंचावायचा, हे आजोबांनी शिकवलं होतं. पहिलं बक्षीस मिळालं होतं. टाळ्या वाजवणाऱ्यांत पुढच्या रांगेत सासूबाईंच्या वयाच्या कितीतरी बाया होत्या.

टेबलावर फोन थरथरायला लागला. ताई.

"उचलत का नाहीस?" विक्रांतने विचारलं.

तिने ईशिताला कडेवर घेतलं आणि दार पुरतं उघडलं. भीती गेली नव्हती. कांताबाई फाटकाची कडी काढत होत्या.

"आई, अहो, थांबा. तो कप आत आणून ठेवा."

कांताबाई वळल्या. आधी सुनेकडे, मग फळीकडे आणि मग बाळाकडे त्यांनी पाहिलं. "मी वॉर्डात जाते, कल्याणी," त्या हळू म्हणाल्या.

"माहीत आहे."

त्या परत डब्यांमागे गेल्या, कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि नळाखाली हात चोळू लागल्या. बोटं लाल झाली तरी थांबेनात.

"आई," कल्याणी दारातून म्हणाली, "आत गरम पाणी आहे."