साठवाला फोटो

ताडकळसच्या मैदानावर मुलींची खो-खो स्पर्धा संपली आणि मी काढलेले फोटो विकायला मांडले. एका फोटोचे साठ रुपये रास्तच होते, पण कापूस वेचून आलेल्या आया पाहून माझी जीभ अडखळली आणि मी तीस सांगून बसलो. तरी कोणी घेईना. एकीने हवेत सूर मारलेल्या लेकीचा फोटो उचलून अंगठ्याने घासून पाहिला. “तीसला? रंग उडतो काय ओ काका?” “नाही. खरी किंमत साठच आहे. तुम्हाला महाग वाटेल म्हणून मीच कमी सांगितली,” मी कसाबसा बोललो. “मंग तसं बोलायचं की. आमाला वाटलं, माल खराब हाय. ह्यो पोरीच्या लेकरांनाबी दावायचाय.” तिने कनवटीचे साठ रुपये हातावर ठेवले. माझा जीव भांड्यात पडला. तिच्यामागची बाई पुढे सरकली. “आमच्या पोरीचा बी साठवालाच द्या. तीसवाला नगं.”