तिसरा कॅमेरा

"दिसतंय! शरयू, अगं, चित्र दिसतंय!" सकाळी सहाला मी संगणकासमोर चक्क फुगडी घातली.

आमच्या जास्वंदीची फुलं रोज कोणीतरी देवपूजेसाठी चोरून न्यायचं. चोर पकडायचाच, म्हणून मी कॅमेरे आणले. पण पहिला फक्त स्वतःच्याच अ‍ॅपमध्ये चाले आणि दुसऱ्याला माझं सॉफ्टवेअर ओळखच देईना. "आधी सॉफ्टवेअरला चालणाऱ्या कॅमेऱ्यांची यादी वाचा, मग दुकानात जा," माझी बायको शरयू वैतागून म्हणाली. तिसरा मी यादी वाचून आणला, आणि आज पडद्यावर आमचं अख्खं कुंपण लख्ख उमटलं होतं. कुंपणाशी शेजारचे खासनीस उभे होते, हातात पिशवी घेऊन.

मी खिडकीतून ओरडलो, "खासनीस, जरा डावीकडे सरका! आता हात वर करा!"

त्यांनी मुकाट्याने दोन्ही हात वर केले. पिशवी उलटली आणि आमची लालभडक जास्वंद त्यांच्याच टकलावर बरसली.

"वा! पाकळी न् पाकळी दिसतेय!" मी टाळ्या पिटल्या.

"अहो, चोर सापडला ना!" शरयू म्हणाली, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

ओशाळलेले खासनीस फुलं परत द्यायला आत आले आणि पडदा बघून हरखलेच. "मलाही हाच कॅमेरा घेऊन द्या हो. आमचा मोगरा रोज कोणीतरी खुडून नेतं."

"मी चहा टाकते," म्हणत शरयू केसांतला गजरा ओढून काढत स्वयंपाकघरात पळाली.